आरटॉसवरचा मल्टिटास्किंग डेमो: सादरीकरणाआधीची तयारी

आरटॉस म्हणजे रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम: एका प्रोसेसरवर अनेक कामं (टास्क) त्यांच्या अग्रक्रमानुसार (प्रायॉरिटी) चालवणारं सॉफ्टवेअर. कॉलेजच्या प्रोजेक्टच्या डेमोत नेमकं काय दाखवणार ते आधी एका वाक्यात लिहून काढा, मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड मग विकत घ्या. ते वाक्य ‘तीन एलईडी वेगवेगळ्या वेगाने लुकलुकतात’ असं असेल तर खोडून टाका. साध्या लूपमध्ये मिलिसेकंदांची वजाबाकी केली तरी तीन एलईडी लुकलुकतात, आणि समोरच्या परीक्षकाला हे पक्कं माहीत असतं. एक्स्टर्नल (बाहेरून आलेला परीक्षक) म्हणून पुण्याच्या हिंजवडी-चाकणकडचा, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुरलेला कोणी आला तर पहिला प्रश्न ठरलेला: ‘मग यात आरटॉस कशाला?’ तेव्हा वाक्य असं हवं: बटण दाबताच महत्त्वाचं काम हलकं काम बाजूला सारून लगेच होतं, आणि एखाद्या टास्कने प्रोसेसर अडवला तर खालची टास्क उपाशी राहतात. या वाक्याचा उत्तरार्ध बहुतेक ग्रुप विसरतात. चालणारा डेमो सगळेच दाखवतात; मागितला की बिघडणारा आणि लगेच सुधारणारा डेमो तयार ठेवा.

त्यासाठी चार टास्क पुरतात. सगळ्यात वर बटणाची वाट पाहणारं इशाऱ्याचं टास्क, त्याखाली पोटेन्शिओमीटर (फिरवायचा रेझिस्टर, म्हणजे पॉट) वाचणारं, त्याखाली वाचलेले आकडे सिरियलवर (वायरीतून लॅपटॉपच्या पडद्यावर) छापणारं, आणि तळाला नुसती आकडेमोड करत प्रोसेसर गुंतवून ठेवणारं. हे शेवटचं फालतू वाटेल, पण रिकाम्या प्रोसेसरवर प्रायॉरिटीचा फरक दिसतच नाही. फ्री-आरटॉस या मोफत आरटॉसमध्ये मोठा आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी आणि आयडल टास्क (दुसरं काहीच काम नसताना चालणारं) शून्यावर, म्हणून आकडेमोडीला १ द्या आणि तिथून वर चढा. कोणतं टास्क कशाची वाट पाहत थांबतं याचं कागदावर चित्र काढा आणि तोच कागद व्हायव्हाला सोबत न्या.

बोर्डाच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: ग्रुपमध्ये पैसे काढून एसटी कंपनीचा न्यूक्लिओ बोर्ड घ्या. त्यावर प्रोग्रामर आणि सिरियल पोर्ट दोन्ही असतात, एका यूएसबी वायरीत काम भागतं. बजेट तुटपुंजं असेल तर ब्लू पिल हा एसटीएम३२ चिपचा स्वस्त बोर्ड चालेल. ७२ मेगाहर्ट्झ आणि २० केबी रॅम या कामाला पुष्कळ. मात्र स्वस्तातल्या ब्लू पिलवर कधी कधी नकली चिप असते आणि एसटीचं आयडीई (कोड लिहून चिपमध्ये टाकायचं सॉफ्टवेअर) तिला ओळखायलाच नकार देतं. म्हणून दोन घ्या आणि घरी आल्याबरोबर दोन्हींवर काहीतरी फ्लॅश करून (प्रोग्राम चिपमध्ये टाकून) बघा. ईएसपी३२ बोर्ड बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये असतोच, पण त्याच्या नेहमीच्या मॉडेलला दोन कोअर असतात. दोन टास्क खरोखरच एकाच वेळी चालली तर प्रायॉरिटीचा धडा हातातून निसटतो. तोच वापरायचा असेल तर सगळी टास्क एकाच कोअरला बांधा. आर्डुइनो उनोच्या २ केबी रॅममध्ये चार टास्क कोंबण्याचा हट्ट करू नका.

खरेदीसाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) जाण्याआधी यादी फोनमध्ये लिहून न्या. काउंटरवर गर्दी असते आणि ‘एलईडी द्या’ म्हटलं की मूठभर रंगीत एलईडी हातात पडतात. लालच मागा. निळ्याला जवळजवळ ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे ३.३ व्होल्टच्या पिनवर तो मिणमिणतो. सोबत ३३० ओहमचे रेझिस्टर, दोन टॅक्ट स्विच, १० किलोओहमचा पॉट, एक ब्रेडबोर्ड आणि जंपर वायरी. ब्लू पिल असेल तर एसटी-लिंक (प्रोग्रामर) आणि सिरियलसाठी यूएसबी-टीटीएल मॉड्यूलही. शिवाय पिना कधी वर-खाली होतात ते लॅपटॉपवर दाखवणारा, २४ मेगाहर्ट्झचा आठ चॅनेलचा साधा लॉजिक अ‍ॅनालायझर जरूर घ्या, पुढे त्याच्यावरच सगळी मदार आहे. जंपर वायरी गरजेपेक्षा दुप्पट घ्या. त्यातल्या काही आतून तुटलेल्या निघतातच.

ब्लू पिलवरचा स्वतःचा एलईडी पीसी१३ पिनवर आहे आणि तो उलटा चालतो: पिन शून्यावर नेली की पेटतो. तो चार टास्कमध्ये वाटू नका, बिघाडाच्या खुणेसाठी राखून ठेवा.

आता क्यूबएमएक्स या एसटीच्या, सुरुवातीचा कोड तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधली सेटिंग्ज. इथे घाई केली की पुढे रात्री जागाव्या लागतात. पहिलं म्हणजे डीबगसाठी ‘सिरियल वायर’ चालू करा. ते करायचं राहिलं तर पहिलं फ्लॅशिंग सुरळीत होतं आणि दुसऱ्या वेळी बोर्ड जोडलाच जात नाही. मग रीसेट दाबून ठेवून जोडण्याची कसरत सुरू. दुसरं, हॅलचा (एसटीच्या तयार फंक्शन्सचा) टाइमबेस, म्हणजे वेळ मोजण्याचा आधार, सिसटिक या प्रोसेसरमधल्या टायमरवरून काढून एखाद्या मोकळ्या टायमरवर न्या, कारण सिसटिक आरटॉसला हवा असतो. टिकचा (आरटॉसच्या घड्याळाच्या ठोक्याचा) दर सेकंदाला १००० ठेवा, म्हणजे एक टिक एक मिलिसेकंदाचा आणि तोंडी हिशेब सोपा. आणि तुमचा कोड ‘यूझर कोड’च्या खुणांच्या आतच लिहा, बाहेर लिहिलेल्या ओळी पुढच्या वेळी जनरेट दाबलं की गायब होतात.

मेमरीचा हिशेब वहीत मांडा, हा प्रश्न हमखास येतो. एसटीएम३२ वर टास्क तयार करताना स्टॅकचा (त्या टास्कच्या स्वतःच्या मेमरीचा) आकडा बाइटमध्ये नाही, वर्डमध्ये द्यावा लागतो. १२८ लिहिलं म्हणजे ५१२ बाइट, २५६ म्हणजे १ केबी. ईएसपी३२ च्या आयडीएफमध्ये (त्याच्या अधिकृत सॉफ्टवेअर संचात) मात्र तोच आकडा बाइटमध्ये मोजतात, म्हणून नेटवरचा कोड उचलताना तो कुठल्या बोर्डाचा हे बघा. छपाईच्या टास्कला इतरांपेक्षा जास्त स्टॅक द्या, प्रिंटएफ खादाड आहे आणि दशांश छापायला लावला तर आणखीच. स्टॅक ओव्हरफ्लोची (स्टॅक अपुरा पडण्याची) तपासणी २ वर ठेवा आणि तिच्या हुकमध्ये (चूक सापडताच आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) तो राखून ठेवलेला पीसी१३ पेटवा. सगळं नीट चालल्यावर हाय वॉटर मार्क विचारून प्रत्येक टास्कच्या स्टॅकपैकी किती जागा कधीच वापरली गेली नाही ते छापून घ्या. हे आकडे तोंडपाठ असलेला विद्यार्थी वेगळा उठून दिसतो.

बटणाचं टास्क इंटरप्टवर (चालू काम मध्येच थांबवणाऱ्या हार्डवेअरच्या हाकेवर) उठवायचं असेल तर दोन गोष्टी तपासा. इंटरप्टच्या आतून साधं क्यू-सेंड (रांगेतून टास्कला निरोप पाठवणारं फंक्शन) न वापरता ‘फ्रॉम आयएसआर’ शेपटीचं फंक्शन वापरलंय ना, आणि त्या इंटरप्टची प्रायॉरिटी क्यूबच्या सेटिंगप्रमाणे ५ किंवा त्याहून मोठ्या आकड्याची आहे ना. कॉर्टेक्स-एम मध्ये, म्हणजे एसटीएम३२ च्या प्रोसेसरमध्ये, इंटरप्टचा लहान आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी, टास्कच्या बरोबर उलट. परीक्षक इथे मुद्दाम गोंधळवतात. कॉन्फिग-असर्ट (फ्री-आरटॉसची चुका पकडणारी तपासणी) चालू ठेवलात तर अशी चूक गपचूप न लपता तिथल्या तिथे अडकून दिसते. बटण दाबताना होणारी थरथर टाळायला साधारण ३० मिलिसेकंद थांबलं तरी पुरे.

आता मुद्दाम करायचा बिघाड. वरच्या टास्कमध्ये हॅल-डिले टाका आणि व्ही-टास्क-डिले काढा. दोन्हींचं नाव ‘डिले’, दोन्ही ५०० मिलिसेकंद, एलईडी त्याच तालात लुकलुकतो, पण खालची छपाई ठप्प. हॅल-डिले घड्याळाकडे बघत जागच्या जागी गरगरत राहतं, त्यामुळे ते टास्क सदैव ‘तयार’ असतं आणि शेड्युलरला (कोणतं टास्क चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाला) खाली उतरायला वावच मिळत नाही. व्ही-टास्क-डिले टास्कला झोपवतं आणि प्रोसेसर मोकळा करतं. हा फरक एका मॅक्रोवर टांगा, म्हणजे ऐनवेळी एक ओळ बदलून पुन्हा फ्लॅश करता येईल. नाहीतर दुसरं बटण दाबल्यावर पद्धत बदलेल असं करा. मला दुसरं बटण जास्त आवडतं, परीक्षकाच्या हातात देता येतं.

हे डोळ्यांना दिसायला हवं, म्हणून लॉजिक अ‍ॅनालायझर. टास्क प्रोसेसरवर चढलं की त्याची पिन वर आणि उतरलं की खाली, एवढं आरटॉसच्या ट्रेस मॅक्रोंमध्ये (टास्क बदलताना चालणाऱ्या कोडच्या जागांमध्ये) लिहा आणि पल्सव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये पट्टे बघा. सारख्याच प्रायॉरिटीची, सतत राबणारी दोन टास्क (आकडेमोडीचीच एक जोडी बनवली तर) एकेक मिलिसेकंद आलटून-पालटून चालताना दिसतात. बटण दाबलं की तळाच्या आकडेमोडीचा पट्टा मध्येच तुटून वरच्याचा उगवतो. हॅल-डिले चालू केलं की खालचे पट्टे सपाट होतात. या तिन्ही चित्रांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. प्रत्यक्ष काही अडलं तर तेवढ्यावर निम्मी व्हायव्हा निभावते.

वेळ उरलाच तर प्रायॉरिटी इन्व्हर्जन (खालच्या टास्कमुळे वरचं अडकून पडणं) घ्या, नाहीतर त्याची गोष्ट तरी माहीत असू द्या. ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेलं नासाचं पाथफाइंडर यान व्हीएक्सवर्क्स या आरटॉसवर चालायचं आणि काही दिवसांत ते स्वतःहून रीसेट होऊ लागलं. हवामानाची नोंद घेणाऱ्या खालच्या टास्कने म्युटेक्स (सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारं कुलूप) धरला होता, बसचं (यानाच्या भागांमधल्या डेटा-मार्गाचं) वरचं टास्क त्यासाठी ताटकळत होतं, आणि मधली संपर्काची कामं खालच्याला पुढे सरकू देत नव्हती. वरचं काम वेळेत झालं नाही की वॉचडॉग (कामं वेळेत होतात का ते पाहणारा पहारेकरी) यंत्रणा रीसेट करायचा. पृथ्वीवरून त्या म्युटेक्सचं प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू केलं आणि प्रश्न मिटला. तुमच्या बोर्डवर हेच करायला आधी बायनरी सेमाफोर (दुसऱ्या प्रकारचं कुलूप) वापरा, त्यात इन्हेरिटन्स नसतं. मग त्या जागी म्युटेक्स टाका आणि पट्ट्यांतला फरक दाखवा. पण मूळ चार टास्क डळमळत असताना याच्या नादी लागू नका.

सादरीकरण गुरुवारी असेल तर महावितरणची देखभालीची कामं बहुधा त्याच दिवशी निघतात, लॅपटॉप पूर्ण चार्ज करून न्या. यूएसबीची वायर डेटाची आहे, नुसती चार्जिंगची नाही, हे आदल्या दिवशी तपासा. दुसरा बोर्ड आधीच फ्लॅश करून त्याच वायरिंगचा फोटो सोबत ठेवा. चालणाऱ्या आवृत्तीची हेक्स फाइल पेनड्राइव्हवर न्या, आणि लॅबमधल्या पीसीवर एसटी-लिंकचा ड्रायव्हर आहे का ते लॅब असिस्टंटना दोन दिवस आधीच विचारा. ऐनवेळी तो टाकायचा म्हटलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, आणि तो ज्यांच्याकडे असतो ते नेमके जेवायला गेलेले असतात.