नवा पार्ट चार महिन्यांत गेला? या चुका टाळा

गाडीचा लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बदलला, पुढचा खडखडाट थांबला आणि चार महिन्यांत तोच आवाज पुन्हा सुरू. ‘लोकल माल निघाला’ म्हणून आपण मोकळे होतो आणि महागातला पार्ट आणतो. कधी कधी निदान बरोबरच असतं. पण कधी तो महागातलाही त्याच वाटेने जातो, कारण पहिला का गेला हे कुणी पाहिलेलंच नसतं.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे काढलेला पार्ट लगेच भंगारात टाकणं. गाडीसोबत आलेला मूळ पार्ट हा तुमच्याकडचा सगळ्यात भरवशाचा नमुना. नवा बसवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवा. वेल्डिंग सलग आहे की ठिगळं लावल्यासारखं? सांध्यावरचं रबरी बूट, म्हणजे आवरण, तेवढंच जाड आहे का? बॉल जॉइंटची, म्हणजे आर्मच्या टोकाच्या गोल सांध्याची, पिन हाताने हलवली तर एकसारखी घट्ट फिरते, की लुळी पडते? हलक्या प्रतीच्या बॉल जॉइंटमध्ये बऱ्याचदा आधी बूट हार मानतं. रबर तडकतं, ग्रीस बाहेर येतं, पाणी आणि माती आत शिरते, मग सांधा झिजतो. आवाज येईपर्यंत सांधा कामातून गेलेला असतो, म्हणून सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की बुटावर एक नजर टाकायला सांगा.

बुशचं, म्हणजे आर्म गाडीला जोडतो तिथल्या रबरी तुकड्याचं, प्रकरण जरा वेगळं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळलेली आणि तशातच आर्मचे बोल्ट करकचून आवळलेले, हे दृश्य सर्रास दिसतं. बुशचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. लोंबकळत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली उतरताच ते पिळलं जातं आणि उभ्या गाडीतही पिळलेलंच राहतं. असा बसवलेला ओरिजिनल बुशही फार दिवस टिकत नाही. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असतानाच करायचं. फाटलेला बुश हातात आला की चीर नीट बघा. रबर मधूनच फाटलं असेल तर आधी बसवण्याकडे बोट दाखवा. लोखंडापासून स्वच्छ सुटून आलं असेल तर चिकटवणंच कच्चं होतं, म्हणजे संशय मालावर.

व्हील बेअरिंगचंही तसंच. हबमध्ये बसवताना जोर बाहेरच्या कड्यावर यायला हवा. आतल्या कड्यावर हातोडा पडला तर तो धक्का आतल्या लोखंडी गोळ्यांमधून जातो, त्या फिरतात त्या खाचेत बारीक खड्डे पडतात आणि थोड्याच दिवसांत घरघर सुरू होते. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय कडं असतं. ती बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडे हवी. उलटं बसवलं तर डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि बिचारा सेन्सर विनाकारण बदलला जातो!

इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा पार्ट) वारंवार जात असेल तर प्लग काढून पाहा. झिजलेल्या प्लगमधलं अंतर वाढलेलं असतं, ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं आणि तो ताण कॉइलच्या इन्सुलेशनवर येतो. प्लग तेच ठेवून कॉइल बदलत राहणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी भरणं.

ऑइल फिल्टरमध्ये मात्र मालाची प्रत थेट ऐकू येते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल, तर गाडी बंद केल्यावर तेल मागे उतरू नये म्हणून आत रबरी झडप असते. हलक्या रबराची झडप उष्णतेने कडक होते, तेल निथळतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला काही क्षण इंजिन खडखडतं. फिल्टर बदलल्यानंतरच हे सुरू झालं असेल तर आधी तोच तपासा.

खरेदी करताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच मॉडेलमध्ये पेट्रोल-डिझेलचे स्प्रिंग वेगळे असू शकतात. चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढा. खोक्यावर नामांकित ब्रँड असला तरी छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं आणि पार्टवर कोरलेला नंबरच नाही, असा माल परत करा.

आणि बिल, खोकं, बसवलं त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग जपून ठेवा. वॉरंटी मागायला गेलात की ‘बसवताना चूक झाली’ हे उत्तर बहुधा तयारच असतं, तेव्हा हा पुरावा आणि काढलेला पार्ट लागतो. तो धुऊन-पुसून नेऊ नका. गळालेलं ग्रीस आणि आत शिरलेली माती तशीच राहू द्या.