मेडिकल असिस्टंटचं (डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मदतनीसाचं) सर्टिफिकेट: प्रवेशाआधी कर्ज आणि कमाई ताडून बघा

अमेरिकेत हा कोर्स करायचा असेल तर कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. केंद्रीय शिक्षण खात्याच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या संकेतस्थळावर ते कॉलेज शोधा, ‘अलाइड हेल्थ अँड मेडिकल असिस्टिंग सर्व्हिसेस’ हा विषय सर्टिफिकेटच्या पातळीवर उघडा आणि मध्यक (निम्मे जण ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात तो आकडा) कमाई व मध्यक कर्ज टिपून घ्या. गफलत इथेच होते. त्या कर्जात खासगी कर्ज धरलेलं नसतं, कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांचंही नसतं. शिवाय याच गटात फार्मसी टेक्निशियनसारखे कोर्सही मोडतात.

आता हिशोब. २०,००० डॉलर कर्ज, साडेसहा टक्के व्याज, १० वर्षांची मुदत: हप्ता सुमारे २२७ डॉलर, म्हणजे वर्षाला २,७२५. सुरुवातीची कमाई ३०,००० असेल तर नऊ टक्के हप्त्यातच गेले. आठच्या वर गेलं की आम्ही तो कोर्स सरळ सोडा म्हणू. १०,००० कर्जात हाच भार साडेचार टक्के. मेडिकल असिस्टंटची देशभरातली २०२३ ची मध्यक कमाई ४२,००० डॉलर असली तरी तीत अनुभवी लोकही येतात. नवख्याने ती धरू नये.

कम्युनिटी कॉलेज (कमी फीचं स्थानिक सरकारी कॉलेज) आधी बघा. सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या आरोग्य-कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थांची मान्यता मात्र तपासाच, कारण सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट) परीक्षेचा नेहमीचा रस्ता तिथूनच जातो.