क्रूझवर कुटुंबासाठी केबिन: आधी झोपायचा हिशोब, मग खिडकी

मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप किंवा सिंगापूरहून सुटणारी क्रूझ ठरवताना सातारा-सांगलीकडची कुटुंबे एजंटाला पहिल्यांदा विचारतात ते "खोलीतून समुद्र दिसेल ना?" हे विचारायला हवेच, पण तिसऱ्या क्रमांकावर. पहिला प्रश्न, रात्री कोण कोणाशेजारी झोपणार. दुसरा, सकाळी एकाच वेळी किती जणांना बाथरूम लागणार. या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून मगच दर विचारा. समुद्र डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो, पैसे कितीही भरलेले असोत. झोप मात्र ज्याच्या त्याच्या केबिनमध्येच लागते.

आधी जागेचा अंदाज घ्या. आपल्याकडची नेहमीची १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. जहाजावरची साधी केबिन साधारण १२० ते १८० चौरस फुटांची असते आणि बाथरूम, कपाट, टेबल हे सगळे त्यातच येते. मोकळी जमीन उरते ती पलंगाच्या कडेने जेमतेम एक माणूस चालेल एवढी. तिथे चार माणसे आणि चार बॅगा म्हणजे एक जण कपडे बदलत असताना बाकीच्यांनी पलंगावर बसून राहायचे. म्हणून कडक सुटकेस नेऊ नका. रिकामी झाल्यावर पलंगाखाली सरकेल अशी मऊ बॅग न्या.

चार प्रकार सगळीकडे आढळतात. इंटिरिअर म्हणजे खिडकी नसलेली आतली केबिन. ओशन व्ह्यूला बंद काचेची खिडकी असते, ती उघडत नाही. बाल्कनीचा अर्थ नावातच आहे. स्वीट मोठा आणि महाग. इंटिरिअरबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: दिवा बंद केला की भर दुपारीही तिथे मिट्ट काळोख होतो. तान्ह्या बाळाच्या दुपारच्या झोपेला हे फार सोयीचे. पण पहाटे पाचला उठून अंगणात येण्याची सवय असलेल्या आजोबांना दिवस उजाडला की नाही तेच कळत नाही, आणि रात्री उठल्यावर बाथरूमचे दार सापडत नाही. आजी-आजोबांना इंटिरिअर दिलीच तर बॅटरीवरचा छोटा रात्रदिवा न विसरता द्या.

आता पलंग. बहुतेक केबिनमध्ये दोन सुटे पलंग असतात. ते जोडून डबल बेड होतो किंवा वेगळे ठेवता येतात, मात्र कसे हवे ते आधी कळवावे लागते. तिसरा आणि चौथा माणूस झोपतो तो भिंतीतून किंवा छतातून खाली उघडणाऱ्या बर्थवर, नाहीतर सोफा-बेडवर. "चार जणांची केबिन" एवढ्यावर समाधान मानू नका, तिसरा-चौथा बर्थ नेमका कोणता ते विचारा. वरच्या बर्थला शिडी असते आणि रेल्वेच्या वरच्या बर्थपेक्षा तिथे फार मोकळेपणा नसतो. बऱ्याच कंपन्या सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपू देत नाहीत, आणि गुडघे धरलेल्या आजीला वर चढवण्याचा तर प्रश्नच नाही. चार वर्षांचे मूल, आई-वडील आणि आजी असे चौघे असाल आणि दोन्ही जादा बर्थ वरचेच असतील, तर आईला मुलाजवळ खालीच झोपावे लागते, वर झोपायला एकटे वडीलच उरतात आणि खालच्या दोन पलंगांवर तिघांना दाटीवाटी करावी लागते. अशा वेळी एक खालचा सोफा-बेड असलेली केबिनच मागा.

तान्हे बाळही माणसांत मोजले जाते. लाइफबोटीतल्या जागा मोजूनच केबिनची माणसे ठरतात, त्यामुळे "बाळ आमच्याच कुशीत झोपेल" म्हणून तीन जणांच्या केबिनमध्ये चौथे बाळ बसत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला बहुतेक जहाजांवर घेतच नाहीत, लांबच्या सफरींना ही अट एक वर्षाची असते. पाळणा हवा असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी मागा, आणि तो मांडल्यावर उरलीसुरली जमीनही संपेल हे धरून चाला. घरात कोणी गरोदर असेल तर तारखा ठरवण्याआधी नियम वाचा. प्रवासाच्या काळात २४ वा आठवडा लागत असेल तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत.

चार बर्थच्या केबिन मुळात कमी असतात. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्याच सगळ्यात आधी संपतात. कधीकधी जहाजावर केबिन रिकाम्या दिसतात, तरी तिसरा-चौथा माणूस घेत नाहीत. जहाजाच्या प्रत्येक भागातल्या माणसांना ठरावीक लाइफबोटी नेमून दिलेल्या असतात आणि त्या भागाची मर्यादा भरली की तिथे जादा माणूस बसत नाही. एजंट काही लपवतोय असे समजून भांडू नका, दुसऱ्या भागातली केबिन मागा.

एक मोठी की दोन छोट्या

भाड्याची रीत अशी की केबिनमधली पहिली दोन माणसे पूर्ण भाडे देतात, तिसऱ्या-चौथ्याला कमी पडते. बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि कर मात्र माणशी लागतात. समजा इंटिरिअरला पहिल्या दोघांचे माणशी ३०,००० आणि पुढच्या दोघांचे १८,०००. चौघे एका केबिनमध्ये म्हणजे ९६,०००. त्याच चौघांनी दोन इंटिरिअर घेतल्या तर १,२०,०००. आणि समजा बाल्कनीला माणशी ४८,००० आणि पुढच्यांना २८,०००, तर चौघांचे १,५२,०००. आकडे इथे फक्त हिशोबाची रीत दाखवायला घेतले आहेत, तुमच्या तारखेचे खरे दर घालून हाच हिशोब करा. अनेकदा असे दिसेल की एका बाल्कनीपेक्षा दोन इंटिरिअर स्वस्त पडतात आणि त्यात दोन बाथरूम मिळतात. दोन-तीन रात्रींच्या सफरीत मुले दिवसभर वरच्या डेकवरच असतात, बाल्कनीत बसायला कोणाला वेळ होत नाही. पाच किंवा सहा जणांचे कुटुंब असेल तर आमचा कौल स्पष्टपणे दोन केबिनना. बाल्कनीचे पैसे वसूल होतात ते पाच-सात रात्रींच्या सफरीत, किंवा ज्यांना फार चालवत नाही आणि जे बराच वेळ केबिनमध्येच घालवणार आहेत अशा वडीलधाऱ्यांसाठी.

दोन केबिन घेताना दोन शब्दांत गल्लत होते. "कनेक्टिंग" म्हणजे दोन केबिनच्या मधल्या भिंतीत आतून दार. "शेजारच्या" म्हणजे फक्त लागून, आतून दार नाही. लहान मुले एका केबिनमध्ये आणि आई-वडील दुसऱ्यात असे करायचे असेल तर कनेक्टिंगच हवी. तिचा एक तोटा आहे. मधल्या दारातून आवाज पाझरतो, त्यामुळे कुटुंबाला एकच केबिन हवी असेल तेव्हा कनेक्टिंग घेऊ नका, पलीकडे अनोळखी लोक असतील. कनेक्टिंग मिळाली नाही तर समोरासमोरच्या दोन केबिनही चांगल्या. त्यात आतली एक आणि खिडकीची एक अशी जोडी जमते.

अल्पवयीन मुलांची नावे एकट्याने एका केबिनवर घालता येत नाहीत. म्हणून बुकिंगमध्ये प्रत्येक केबिनवर एक मोठा माणूस आणि एक मूल असे लिहितात आणि चढल्यावर रिसेप्शनला सांगून जादा चावी-कार्ड करून घेतात. दोन्ही बुकिंग एकमेकांशी जोडायला सांगा, नाहीतर जेवणाची वेळ आणि टेबल वेगवेगळे पडते.

जहाजावर नेमकी कुठे

एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून पसरणी घाट चढलेल्याला हे लगेच कळेल. गाडी तीच, रस्ता तोच, पण मधल्या सीटवरचा माणूस डुलक्या घेतो आणि मागचा उलटीला येतो. जहाजही लाटांवर मध्याभोवती वर-खाली होते. पुढचे आणि मागचे टोक जास्त उचलले जाते, मधला भाग कमी. डाव्या-उजव्या डोलण्याचे गणित उसासारखे आहे: वाढे हलते, बुडखा जागेवर राहतो. वरच्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, डोलणे जास्त, खाली कमी. ज्याला बस लागते त्याला बोटही लागण्याची शक्यता धरा आणि त्याच्यासाठी मधली, खालच्या किंवा मधल्या डेकवरची केबिन घ्या. वरचा डेक महाग म्हणून चांगला, हा समज इथे उलटा पडतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो त्यामानाने शांत. मळमळीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. उलट्या लागल्यावर ती पोटात टिकत नाही.

यानंतर आवाज पाहा, त्यासाठी डेक प्लॅन म्हणजे जहाजाच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा उघडा. कंपनीच्या संकेतस्थळावर तो मिळतो. तुमच्या केबिनच्या बरोबर वरचा आणि बरोबर खालचा डेक शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढण्याचे आणि ट्रॉल्यांचे आवाज सुरू होतात. खाली थिएटर किंवा डान्स फ्लोअर असेल तर मध्यरात्रीपर्यंत पलंग थरथरतो. प्लॅनवर नाव न लिहिलेली कोरी जागा दिसली तर ती बहुधा कर्मचाऱ्यांची किंवा सामानाची असते, तिच्या भिंतीला लागून केबिन नको. अगदी मागे खालच्या डेकवर इंजिन आणि पंख्याची थरथर असते. अगदी पुढे खालच्या डेकवर बंदरात शिरताना नांगराच्या साखळीचा खडखडाट होतो.

लिफ्ट जवळ हवी, पण दारासमोर नको. चार-सहा केबिन सोडून पुढची बरी. कॉरिडॉर फार लांब असतात, टोकाची केबिन आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला असली तर म्हाताऱ्या माणसाची दिवसातून तीन वेळा दमछाक होते.

ओशन व्ह्यू घेताना "ऑब्स्ट्रक्टेड" शब्द शोधा. त्याचा अर्थ खिडकीबाहेर काहीतरी आड येते, बहुधा टांगलेली लाइफबोट. उजेड येतो, समुद्र नीट दिसत नाही. फक्त उजेड हवा असेल तर ती स्वस्तात मिळते, चांगला सौदा आहे. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि मावळतीचा सूर्य उजव्या हाताला असतो, परत येताना उलट. सूर्यास्तासाठी खिडकी घ्यायची तर ही दिशा पाहून घ्या.

वृद्ध आणि लहान मुलांसाठी बारकावे

बाथरूमच्या दाराला पाणी अडवणारा उंच उंबरा असतो. रात्री झोपेत तिथेच ठेच लागते. अंघोळीचा कोपरा इतका अरुंद की मुलाला धरून अंघोळ घालणे अवघड, त्यासाठी हलका प्लॅस्टिकचा मग बरोबर असू द्या. परदेशी जहाजांवर जेट स्प्रे सहसा नसतो, तिथेही हाच मग उपयोगी पडतो. संडास हवेच्या दाबावर चालतो. डायपर किंवा ओले वाइप त्यात टाकले तर तुंबतो आणि कधी शेजारच्या केबिनचाही बंद पडतो.

व्हीलचेअर असेल तर साध्या केबिनच्या अरुंद दारातून ती आत जात नाही. रुंद दार, उंबरा नसलेले बाथरूम आणि धरायला दांडे असलेली अॅक्सेसिबल केबिन मागावी लागते. त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, म्हणून तारखा ठरताच हे पहिले काम.

बाल्कनी आणि चार-पाच वर्षांचे मूल एकत्र असेल तर खुर्ची-टेबल कठड्यापासून लांब, शक्यतो आतच ठेवा. दाराची वरची कडी नेहमी लावा. कठडा उंच असतो, पण खुर्चीवर चढलेल्या मुलाला तो पुरत नाही.

भिंती बहुधा पोलादी असतात. चार-सहा चुंबकी हुक नेले तर टोप्या, ओले कपडे, पिशव्या भिंतीवर जातात आणि जमीन मोकळी राहते. इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती आणि उदबत्ती आगीच्या भीतीने काढून घेतात. देवाची तसबीर न्या, निरांजन घरी ठेवा. घरचे लाडू-भडंगही बरेचदा बंदरातच अडवतात. बाळाच्या खाण्याला सहसा सूट मिळते, तरी आधी विचारून घ्या.

बुकिंग करताना

"गॅरंटी" नावाचा स्वस्त दर ऐकून भुलू नका. त्यात फक्त केबिनच्या प्रकाराची खात्री असते, नंबर कंपनी नंतर ठरवते. दोघांना ठीक आहे. दोन केबिन घेणाऱ्या कुटुंबाला एक केबिन पाचव्या डेकवर पुढे आणि दुसरी नवव्यावर मागे मिळू शकते. पावतीवर केबिन नंबर, पलंगांची रचना आणि कोणकोणते बर्थ हे लिहून घ्या. तोंडी आश्वासन जहाजावर चालत नाही.

मुंबईला पोहोचण्याची वेळही याच हिशोबात धरा, कारण उशिरा आलेल्याला तक्रार करायला वेळ उरत नाही. सांगली, मिरज किंवा साताऱ्याहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली तर सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते आणि तिथून क्रूझ जिथून सुटते ते बॅलार्ड पियर जवळच आहे. त्याच दिवशी गाडीने निघून खंबाटकी आणि खंडाळ्याच्या घाटातल्या वाहतुकीवर भरवसा ठेवू नका.

केबिनमध्ये शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी दहा मिनिटे द्या. वरचे बर्थ उघडून पाहा, मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट कुठे मिळणार ते विचारा, फ्लश आणि गरम पाणी चालू करून बघा, बाल्कनीची कडी लावून पाहा, दारामागचा आपत्कालीन जमण्याच्या जागेचा नकाशा मुलांना दाखवा. काही चुकले असेल तर लगेच रिसेप्शनला जा. जहाज सुटेपर्यंत न आलेल्या प्रवाशांच्या केबिन रिकाम्या होत असतात, आणि त्या आधी मागणाऱ्यालाच मिळतात.