सोलारमध्ये यायचंय? आधी गच्चीवरची सावली मोजायला शिका

आयटीआय किंवा डिप्लोमा संपवलेली कळवा, ऐरोली, घणसोलीकडची मुलं मला भेटली की एकच विचारतात: ताई, सोलारमध्ये यायचंय, कोणता कोर्स करू? मी सांगते, आधी इलेक्ट्रिकल पक्कं करा. अर्थिंग कशासाठी, केबलची जाडी कशी ठरते, सिंगल फेज आणि थ्री फेजचं बिल कसं वाचायचं, हे येत नसेल तर सोलारचं सर्टिफिकेट भिंतीवरच राहतं.

काम भरपूर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तिचं लक्ष्य १ कोटी घरांचं. ३ किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान, आणि सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८ हजार. पॅनल चढवणारी माणसं मिळतात. या गच्चीवर वर्षाला किती युनिट निघतील आणि का, हे छातीठोक सांगणारी फार कमी मिळतात. तुम्ही त्यातले व्हा, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी सर्व्हे शिकायचा, आणि सर्व्हे म्हणजे मुख्यतः सावली. ठाणे-नवी मुंबई साधारण १९ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यावर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या सुमारास गच्चीवर गेलात तर पाण्याची टाकी अगदी निरुपद्रवी वाटेल. डिसेंबरच्या शेवटी मात्र सूर्य भरदुपारीही क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच असतो. तेव्हा १० फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडे ९ फुटांहून लांब जाते, सकाळी आणि संध्याकाळी त्याहून कितीतरी जास्त. पॅनल सिरीजमध्ये, एकामागोमाग एक जोडलेले असल्यामुळे एकावर पडलेली सावली अख्ख्या साखळीला, म्हणजे स्ट्रिंगला भोवते. सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणाऱ्या बायपास डायोडमुळे नुकसान कमी होतं, टळत नाही. घोडबंदर रोडला तर शेजारच्या टॉवरचीच सावली येते, आणि उद्या समोरच्या रिकाम्या प्लॉटवर काय उभं राहणार हेही विचारून घ्यावं लागतं. हे सगळं काढायला दहावीतली त्रिकोणमिती, टेप आणि फोनमधलं होकायंत्र पुरतं. सॉफ्टवेअर नंतर शिका. हाताने काढलेलं उत्तर आणि सॉफ्टवेअरचं उत्तर जुळतंय का, हे ज्याला तपासता येतं त्याच्यावरच मी डिझाइन सोपवते.

ढोबळ हिशोब पाठ असू द्या. १ किलोवॉटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षभराची सरासरी धरली तर रोज साधारण ४ युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये आकडा चांगलाच खाली येतो, तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये आधीच सांगायचा.

मीटिंग हा या कामाचा अर्धा भाग आहे. हमखास येणारा प्रश्न म्हणजे लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल ना? साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेल्या संचावर चालत नाही. ग्रिड, म्हणजे ती लाइन गेली की पॅनलची डीसी वीज एसीत बदलणारा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, कारण खाली लाइनवर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरच्या विजेचा झटका बसता कामा नये. हे कारण सांगितलं की लोकांना पटतं. नुसतं ‘सिस्टीम तशीच असते’ म्हटलं की विश्वास उडतो. निवृत्त खजिनदार काकांना परताव्याचा हिशोब कागदावर मराठीत मांडून दाखवता येणं हे मोठं कौशल्य आहे, आणि ते कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. स्ट्रिंगमध्ये कित्येकशे व्होल्ट डीसी असतो. लोड चालू असताना पॅनलच्या केबल जोडणारा एमसी-४ कनेक्टर ओढला तर आर्क, म्हणजे विजेची ठिणगी पेटते, आणि डीसीचा आर्क एसीसारखा सहज विझत नाही. उंचीवर फुल बॉडी हार्नेस हवाच. पहिल्या दिवशी मागा, आणि ठेकेदार देत नसेल तर ते काम सोडा.

खाडीकाठच्या हवेचंही लक्षात ठेवा. ऐरोली-वाशीकडे गॅल्वनाइज्ड स्ट्रक्चरला जिथे भोक पाडलं किंवा कापलं तिथून गंज सुरू होतो. त्या जागेवर झिंकचा थर लगेच मारायचा. पाच मिनिटांचं काम, पण संच पंचवीस वर्षं टिकायचा असतो.

कोर्सचं म्हणाल तर राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र कार्यक्रम २०१५ पासून आहे. साधारण तीन महिन्यांचा, इलेक्ट्रिशियन-वायरमन ट्रेडच्या मुलांना हात बसवायला चांगला. सोबत राज्याचा वायरमन परवाना काढा. मुलींना घरचे बऱ्याचदा ‘ऑफिसचं काम बघ’ म्हणतात. डिझाइन आणि महावितरणकडे करायचे नेट मीटरचे (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचे) अर्ज जरूर शिका, पण गच्चीवरही या. जिने गच्ची पाहिलेली नाही तिला डिझाइनमध्ये कुणी हटकलं की उत्तर देता येत नाही.

पुढची पायरी ऊर्जा लेखापरीक्षण, म्हणजे वीज कुठे वाया जाते ते मोजून शोधणं. दिघ्यापासून नेरुळपर्यंत टीटीसी एमआयडीसीचा कारखान्यांचा पट्टा आपल्या दाराशी आहे. तिथे नवी वीज बनवण्याआधी वाया जाणारी थांबवणं स्वस्त पडतं. कॉम्प्रेसरचा दाब १ बारने उतरवता आला तरी त्याची वीज साधारण ६ ते १० टक्के कमी लागते. यासाठी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा असते. पदवीधर इंजिनिअरला ३ वर्षांचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्याला ६. लेखापरीक्षकाचे चार पेपर असतात. अभ्यासाची पुस्तकं ब्युरोच्या वेबसाइटवर मोफत आहेत, ती आजच उतरवून घ्या.

आणि आत्ता, नोकरी नसताना? आपल्या सोसायटीच्या कॉमन मीटरची १२ महिन्यांची बिलं सेक्रेटरींकडून मागून घ्या. चाळीत राहत असाल तर घरचं बिल चालेल. मंजूर भार आणि महिन्याचे युनिट एका कागदावर मांडा, गच्चीचा किंवा छपराचा नकाशा काढा, डिसेंबरची सावली त्यावर दाखवा आणि किती किलोवॉट बसेल ते लिहा. मुलाखतीला येताना तो कागद घेऊन या. मी सर्टिफिकेटच्या आधी तोच मागते.