पिकअपला डिस्क की अलॉय? आधी काट्यावर जा

माझं टायरचं दुकान नारायणगावात आहे. गिऱ्हाईक दोन जातीचं. एक, टोमॅटोची क्रेटं भरून माळशेजमार्गे खाली उतरणारे बोलेरो पिकअपवाले. दुसरे, शनिवार-रविवारी टोयोटाची हायलक्स नाहीतर इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप घेऊन नाणेघाटाकडे निघालेले. दोघंही तेच विचारतात: डिस्क, म्हणजे पोलादी चाक, राहू देऊ की अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, टाकू? मी उलट विचारतो, पाठीवर वजन किती?

अंदाजाने सांगू नका. गाडी नेहमीसारखी भरा, वजनकाट्यावर न्या आणि फक्त मागची दोन चाकं काट्यावर घ्या. येईल त्या आकड्याचा निम्मा म्हणजे एका चाकावरचं ओझं. समजा २२०० किलो भरलं, तर चाकाला ११००. आता जे अलॉय आवडलंय ते पालथं करा. आतल्या बाजूला किंवा आऱ्याच्या मागे किलोमध्ये कमाल भार उठवलेला असतो. कारसाठीच्या अलॉयवर ६९० असा काहीतरी आकडा दिसतो. नटाची भोकं जुळली म्हणून ते चाक तुमच्या गाडीला बसेल, पण तो भार घ्यायला ते बनलेलंच नाही. आणि हे झालं उभ्या गाडीचं वजन. खड्ड्यात आदळल्यावर त्याच्या कितीतरी पट दणका बसतो.

तिथेच आणखी खुणा शोधा. ‘जेडब्ल्यूएल’ हे अलॉय चाकाचं जपानी मानक. ‘जेडब्ल्यूएल-टी’ हे त्यातलंच ट्रक-बससाठीचं. माल वाहायचा असेल तर दुसरी खूण बघायची. ज्या चाकावर ना खूण ना आकडा, ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. टायरचंही तसंच वाचा: बाजूला भाराचा अंक १०४ असेल तर एका टायरला ९०० किलो, ११२ असेल तर ११२० किलो. चाक आणि टायर यांत जे कमी, तीच तुमची मर्यादा.

आता धातूचं. डिस्क म्हणजे पोलादी पत्रा दाबून, वेल्डिंग करून केलेलं चाक. ते दणक्याने वाकतं. रात्री घाटात कड वाकली, हवा जायला लागली, तर पंक्चरवाला हातोड्याने ठोकून गाव गाठण्यापुरतं सरळ करून देतो. नवी डिस्कही अलॉयच्या मानाने स्वस्तात मिळते. साधं अलॉय ओतीव असतं. ते थोडंफार वाकतं, पण जोराचा मार बसला की तडकतं, पितळीच्या जागी चिनी मातीची बशी आपटावी तसं. तडकलेल्या अलॉयला ‘आर्गन मारून देतो’, म्हणजे आर्गन वायूचं वेल्डिंग करून देतो, म्हणणारे भरपूर भेटतील. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागचा धातू मऊ पडतो, कारखान्यात तापवून आणलेली ताकद निघून जाते. मी असं चाक माल वाहणाऱ्या गाडीला चढवत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. फोर्ज्ड, म्हणजे ओतण्याऐवजी दाबून घडवलेलं अलॉय खरंच दणकट, पण त्याची किंमत टोमॅटोच्या भाड्यात निघायची नाही.

अलॉयचे फायदे खोटे नाहीत. सहसा वजनाला हलकं, गोलाई नेमकी, त्यामुळे बॅलन्सिंग छान बसतं आणि मोकळ्या गाडीची चाल सुधारते. आऱ्यांतून ब्रेकला वारा लागतो. पण चाकामागे दोनेक किलो वाचवून वर दीड टन टाकणाऱ्याला त्यातलं काय जाणवणार?

म्हणून माझा हिशेब असा. भाड्याची, मालाची पिकअप असेल तर डिस्कच ठेवा आणि अलॉयचे पैसे चांगल्या टायरवर घाला. डिस्क जुनी असेल तर नटाची भोकं तपासा: ती लांबट झाली असतील किंवा भोवती बारीक चीर असेल तर ती डिस्क भंगारात. टायर बसतो त्या कडेवर गंज धरला की ट्यूबलेसची हवा हळूहळू उतरते. टायर काढलाच आहे तर घासून रंग मारून घ्या. फिरायच्या हायलक्स, व्ही-क्रॉसला कंपनीचं अलॉय आलंय, ते उत्तम आहे, तेच वापरा. मोठ्या इंचाचं टाकलंत की टायरची भिंत पातळ होते आणि खड्डा थेट चाकाला लागतो.

तरी बदलायचंच असेल तर माप नीट घ्या. हायलक्स आणि व्ही-क्रॉस दोन्हींना सहा नट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर. पण मधलं भोक हायलक्सला १०६ च्या आसपास, व्ही-क्रॉसला १०० च्या आसपास. त्यामुळे व्ही-क्रॉसचं चाक हायलक्सच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, जातच नाही. ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, कंपनीचाच ठेवा. चाक बाहेर काढलेलं दिसायला रुबाबदार, भार मात्र बेअरिंगवर. चाक बाहेर काढायला मध्ये घालतात ती चकती, स्पेसर, तर नकोच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीने दिलेल्या रचनेत फेरफार करायला मनाई आहे, आणि मालाच्या पिकअपला आरटीओचं पासिंग चुकत नाही.

वॉल्व्हकडे कुणी बघत नाही. साधा रबरी वॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचा असतो. मागे त्याहून जास्त हवा भरत असाल तर नटाने कसायचा धातूचा वॉल्व्ह लावा.

नटही चाकाप्रमाणे बदलतात. टोयोटाच्या कंपनी अलॉयला सपाट वायसरचे नट येतात, बाजारातल्या बहुतेक अलॉयला निमुळत्या तोंडाचे लागतात. चुकीचा नट घट्ट वाटतो आणि चालत्या गाडीत सैल होतो. नवीन चाक बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरला नट पुन्हा कसा, पान्यावर उभं राहून नव्हे, ठरलेल्या जोरानेच कसणाऱ्या टॉर्क पान्याने. कोकणात गाडी असेल तर खाऱ्या हवेने अलॉय हबला चिकटून बसतं. हबच्या मधल्या कडेला ग्रीसचा पुसट हात द्या, नटाच्या आट्यांना अजिबात नाही.

आणि स्टेपनी डिस्कची असेल तर अलॉयचे नट तिला चालतात का, हे दुकानातच लावून बघा. चालत नसतील तर डिस्कच्या नटांचा एक संच सीटखाली टाकून ठेवा.