घरची शाळा, बुद्धवंदना आणि कुकरच्या शिट्ट्या

नागपुरात मुलांना घरी शिकवायचं तर वेळापत्रक उन्हाला विचारून करा. मे महिन्यात आमची शाळा पहाटे साडेपाचला भरते, साडेआठला सुटते. दुपारी कूलरपुढे गणित होत नाही. हे मला दोन उन्हाळे भांडून कळलं.

सुरुवात त्रिशरण-पंचशीलाने, म्हणजे बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं आणि वागण्याचे पाच नियम म्हणजे शीलं, पाच मिनिटं. आधी मी सगळी वंदना म्हणायला लावायची, पोट्टे पेंगायचे. आता आठवडाभर एकच शील. खोटं न बोलण्याच्या आठवड्यात धाकट्याने पाहुण्यांसमोर सांगितलं, भाजी अळणी आहे. भाजी माझीच होती.

धम्माचा वेगळा तास ठेवू नका, धावपळीत तोच आधी बुडतो. दीक्षाभूमीला जाताना वही न्या. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला इथे धम्मदीक्षा घेतली, त्याला किती वर्षं झाली, ही वजाबाकी. स्तूपाचा घुमट म्हणजे अर्धगोल. बोधिवृक्षाचं गळलेलं पान सापडलं तर विज्ञान. पाढे मात्र पोळ्या लाटतानाच. माझे हात कामात असले की रागही कमी येतो.

शाळेतून काढलं असेल तर दाखला आधी घ्या. आम्ही उशीर केला, सहा चकरा झाल्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करायला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे स्तर आहेत.

रविवारी शाळा बंद. सकाळी बुद्धविहार, येताना तर्री पोहे, आणि त्या दिवशी मी स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही.