बीएएसएलपीनंतर स्पीच थेरपीत एमएससी: प्रवेशापासून मराठी सॅम्पलपर्यंत

मानसशास्त्र किंवा भाषाशास्त्रात बीए झालंय, आता स्पीच थेरपीत मास्टर्स करू, असं ठरवून चौकशीला येणारे बरेच असतात. ब्रिटनमध्ये दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांना दोन वर्षांच्या मास्टर्समधून या व्यवसायात येता येतं. इंटरनेटवर तीच माहिती आधी सापडते, त्यामुळे हा घोळ होतो. आपल्याकडे एमएससीला बसायचं तर बीएएसएलपी ही श्रवण आणि वाणी उपचारांची पदवी (किंवा जुनी बीएस्सी स्पीच अँड हिअरिंग) लागतेच: तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. एक वर्षाचा डीएचएलएस हा श्रवण-भाषा-वाणीचा डिप्लोमा पुरत नाही.

एमएससी दोन वर्षांची, चार सेमिस्टर आणि एक प्रबंध. काही ठिकाणी ऑडिओलॉजी म्हणजे श्रवणशास्त्र आणि स्पीच एकत्र (एमएएसएलपी), काही ठिकाणी दोन वेगळ्या पदव्या. गिळण्याचे विकार, अफेझिया (मेंदूच्या इजेने भाषा हरवणं), लहान मुलांची भाषा यांत रस असेल तर वेगळी घ्या. पुढे स्वतःचं क्लिनिक काढून श्रवणयंत्रंही बसवायची असतील तर एकत्र सोयीची. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं या विषयाचं स्वतंत्र महाविद्यालय आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय, राज्याबाहेर म्हैसूरची 'आयश' ही वाक्-श्रवण संस्था. प्रत्येकाची प्रवेशप्रक्रिया निराळी, त्यामुळे एकाच अर्जावर विसंबू नका. संस्थेला भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची मान्यता त्या कोर्ससाठी आणि त्या वर्षासाठी आहे का, ते परिषदेच्या यादीत स्वतः बघा. बीएएसएलपीला मान्यता आहे म्हणून एमएससीलाही असेलच, असं नाही.

अर्ज सहसा अडतो तो इंटर्नशिपवर. रजा जास्त झाल्या की तेवढे दिवस भरून द्यावे लागतात, पूर्णत्वाचा दाखला लांबतो आणि प्रवेशाची तारीख निघून जाते. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत हजेरीचा हिशेब दर आठवड्याला विभागातून तपासून घ्या.

आता खरं काम. स्पीच लँग्वेजच्या बहुतेक चाचण्या इंग्रजीत जन्मल्या. त्यांचं भाषांतर करून मराठी मुलाला गुण दिले की आकडा मिळतो, पण त्याला अर्थ उरत नाही. एमएससीत कमवायची गोष्ट म्हणजे मराठी बोलण्याचा नमुना, अर्थात लँग्वेज सॅम्पल, नीट घेणं आणि उलगडणं. तो असा घ्या.

पंखा बंद करा. रेकॉर्डर मुलाच्या तोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर ठेवा. फाइल वेव्हमध्येच घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेला आवाज दाबला गेलेला असतो, त्यावर प्राट या आवाज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली मोजमापं भरवशाची नसतात. वीस ते तीस मिनिटं भातुकली किंवा गाड्या खेळा आणि पन्नास ते शंभर वाक्यं मिळवा. 'हे काय आहे?' असं विचारत राहिलात तर मूल एकेका शब्दात उत्तर देणार आणि सॅम्पल वाया जाणार. त्यापेक्षा 'अरेच्चा, चहा सांडला!' म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं हेच नव्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जड जातं.

लिहून काढताना मूल जसं बोललं तसंच लिहा. हात आपोआप शुद्ध लिहितो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकून पडताळा. मग वाक्याची सरासरी लांबी काढायची. इथे मराठी नडते. 'घोड्याला पाणी दे' या वाक्यात शब्द तीन, पण 'ला' वेगळा धरला तर घटक (अर्थाचे सुटे तुकडे) चार. मूल 'घोडाला पाणी दे' म्हणालं तरी आकडा चारच येतो, कारण प्रत्यय लागलाय. चुकलंय ते सामान्यरूप. म्हणजे सरासरी ही चूक गिळून टाकते. त्यासाठी सामान्यरूप आणि लिंग (तो, ती, ते) यांचे वेगळे रकाने करा, आणि काय मोजायचं, काय नाही, हा नियम मोजायला बसण्याआधी कागदावर लिहून ठेवा. मध्येच नियम बदलला की मार्चचं सॅम्पल जूनच्या सॅम्पलशी जुळत नाही.

उच्चारांचंही तसंच. इंग्रजी तक्त्यात 'च' एकच. आपल्याकडे 'चाक' मधला वेगळा आणि 'चिमणी' मधला वेगळा, 'जाळं' आणि 'जीभ' यांचंही तेच. चित्रांच्या संचात दोन्ही हवेत. 'ण' आणि 'ळ' हेही हवेत, पण जपून. 'पानी', 'लोनी' म्हणणाऱ्या मुलाच्या घरात सगळेच तसं बोलत असतील तर ती बोली आहे, दोष नाही. विदर्भातून, खानदेशातून आलेल्या घरांत 'ळ' चा 'य' होतो: 'डोया', 'काया'. सदाशिव पेठेची मराठी मोजपट्टी म्हणून लावलीत, तर हडपसरच्या निम्म्या मुलांना विनाकारण थेरपी लावाल. आईशी पाच मिनिटं बोला, तिचं बोलणंही नोंदवा, मग मुलाचं ठरवा. आणि या सगळ्याआधी कानाची तपासणी झालेली हवी.

'क' चा 'त', 'ग' चा 'द' करणाऱ्या मुलासाठी जोड्या मराठीच घ्या: कार आणि तार, गार आणि दार. मुलाने 'कार' मागताना 'तार' म्हटलं तर तारेचंच चित्र हातात द्या. अर्थ बदलतो, हे कळलं पाहिजे. एका सत्रात त्या ध्वनीचे निदान पन्नास उच्चार घडले नाहीत, तर ते सत्र गप्पांचं झालं समजा.

दुसऱ्या वर्षी पक्षाघाताचे रुग्ण येतील, ठसका लागणारे. त्यांच्या पेयाच्या पातळ-घट्टपणाचं जागतिक मोजमाप, आयडीडीएसआय, सोपं आहे: १० मिलिच्या सिरिंजमध्ये द्रव भरा, खालचं तोंड बोटाने बंद ठेवा, सोडा, दहा सेकंद मोजा. १ मिलिपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, म्हणजे सगळ्यात पातळ. १ ते ४ उरलं तर १. ४ ते ८ उरलं तर २. ८ च्या वर उरूनही थोडं वाहिलं तर ३. सिरिंजवर ० ते १० ही पट्टी ६१.५ मिलिमीटर हवी. सगळ्या सिरिंज तशा नसतात, म्हणून आधी पट्टीने मोजा. तांदळाची पेज गरम असताना तपासलीत तर निवल्यावर ती घट्ट होते. रुग्ण ज्या तापमानाला पिणार, त्याच तापमानाला तपासा. स्टार्चचं थिकनर (द्रव घट्ट करणारी पावडर) वापरत असाल तर उष्टा चमचा वाटीत बुडवू देऊ नका, लाळेमुळे ते पुन्हा पातळ होतं.

प्रबंधाचा विषय पहिल्या वर्षातच पक्का करा, कारण नीतिसमितीच्या मंजुरीआधी एकही रेकॉर्डिंग चालत नाही. संमतिपत्र मराठीत, आजीला वाचून दाखवलं तर कळेल असं. सात वर्षांच्या वरच्या मुलाची स्वतःची होकारार्थी सहमतीही लागते, नुसती पालकांची सही पुरत नाही.

पदवी मिळाली की आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत ती वाढीव पात्रता म्हणून चढवून घ्या. नोंदणी नसताना व्यवसाय करणं १९९२ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ब्रिटनला जायचं असेल तर तिथल्या एचसीपीसी या नोंदणी परिषदेची अट आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ८ आणि कुठल्याही भागात ७.५ पेक्षा कमी नाही, अशी आहे. लेखनाच्या भागाची तयारी सगळ्यात आधी सुरू करा.